निवडणुकीच्या वर्षात मंडळाचा गणपती मंडळाचाच कसा ठेवायचा

आखाड संपला की मला ओळखीतल्या मंडळांच्या पोरांचे फोन यायला लागतात. प्रश्न दरवेळी तोच, रक्कम तेवढी बदलते. "काका, भाऊ एक्कावन्न हजार देतायत, फक्त कमान त्यांची लावा म्हणतात, घ्यायचे का?" मी आधी विचारतो की भाऊ म्हणजे कोण, तर भावी नगरसेवक. आजी असो माजी असो भावी असो, भाद्रपदात सगळे भाऊच असतात.

आता धर्म आणि राजकारण वेगळं ठेवावं का नाही हा वाद टपरीवर रोज चालतो आणि त्याचा निकाल टपरीवर कधीच लागत नाही. आणि मोठ्या लोकांचंही कुठं एकमत होतं? गांधीजी म्हणायचे की धर्माचा राजकारणाशी संबंध नाही म्हणणाऱ्याला धर्म कळलेलाच नाही. १९५१ साली सोमनाथच्या मंदिरात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद प्राणप्रतिष्ठेला गेले, नेहरूंना ते पसंत नव्हतं, तरी गेले. आपल्याकडं आषाढीला पंढरपुरात शासकीय महापूजा मुख्यमंत्रीच करतात आणि त्यात फारसं कुणाला वावगं वाटत नाही. त्यामुळं पूर्ण वेगळं करा असं सांगायला मी बसलो नाही, माणूस एकच असतो, सकाळी आरती करणारा दुपारी मतदानालाही जातो. माझं म्हणणं त्याहून बारीक आहे. मंडळाचा गल्ला, मंडळाचा माइक आणि मंडळाची भिंत ह्या तीन गोष्टी कुठल्याही उमेदवाराच्या हातात जाऊ द्यायच्या नाहीत, बाकी ज्याला यायचं त्यानं यावं, पाया पडावं, प्रसाद घ्यावा. हे कसं जमवायचं तेवढंच सांगतो, कारण आम्ही ते आधी बिघडवलं आणि मग आठ-नऊ वर्षं निस्तरलं.

बिघडवलं ते असं. २०१६ चा गणपती, नोव्हेंबर-डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका होणार हे सगळ्यांना माहीत. गल्लीतल्याच एका इच्छुकानं एक्कावन्न हजार दिले, आम्ही टाळ्या वाजवून घेतले, मी तेव्हा खजिनदार, पावती माझ्याच हस्ताक्षरात आहे. मग कमान त्याची आली, ती गणपतीपेक्षा उंच. मग आरतीला रोज तोच. मग आरती झाल्यावर "दोन शब्द". मग पोरांच्या टी-शर्टवर मागच्या बाजूला त्याचा फोटो, आणि विसर्जनाला गुलाल उधळताना बाप्पाच्या घोषणेनंतर त्याच्या नावाची घोषणा. गल्लीतली निम्मी घरं दुसऱ्या बाजूची, ती काही बोलली नाहीत, पण २०१७ ला त्यांनी वर्गणी दिली नाही आणि दोनशे फुटांवर दुसरा मांडव घातला. तो इच्छुक पडला ते वेगळंच, पडल्यावर तो आमच्याकडं फिरकलाही नाही, आमच्याकडं राहिली ती त्याची कमान, लोखंडी, ती ठेवायला जागा नाही म्हणून दोन वर्षं आमच्या गोठ्यात पडून होती.

तर पहिलं काम, आणि हे वेळेत झालं नाही तर पुढचं काहीच होत नाही: मीटिंग आखाडातच घ्या. श्रावणात नको, श्रावणात फोन सुरू होतात. एकदा एखाद्या भाऊनं तोंडानं रक्कम बोलली की त्यानंतरचा नकार हा त्याचा अपमान होतो, आणि आपल्याकडं अपमान पाच वर्षं लक्षात ठेवतात. त्याच्या आधीच ठराव झालेला असला तर नकार कुणी दिलाच नाही, ठरावानं दिला. "भाऊ, माझ्या मनात असतं तर कालच घेतले असते हो, पण ठराव होऊन बसलाय, वहीत सह्या आहेत." हे वाक्य पाठ करून ठेवा, अध्यक्षानं, खजिनदारानं आणि त्या चार पोरांनी जी रात्री मांडवात झोपतात, कारण भाऊ बरोबर त्यांनाच गाठतात.

ठराव झाला की त्याची एकच प्रत करून प्रभागातल्या सगळ्या इच्छुकांना एकाच दिवशी पाठवा. एकाला आज आणि दुसऱ्याला परवा असं झालं की संपलं, दोन दिवसांत त्याचा अर्थ निघतो. आम्ही २०२५ ला अकरा जणांना पाठवली. मुदत संपून निवडणुका तीन-चार वर्षं रखडलेल्या, त्यामुळं इच्छुकांचं पीक नुसतं तरारून आलेलं, आमच्याच आळीत चार. त्यातले दोघं हसले, एकानं शिवी दिली, आणि एकजण म्हणाला बरं झालं बाबांनो, माझेही वाचले. हे शेवटचं नीट ऐका. देणाऱ्यालाही सगळीकडं द्यायचं नसतं, एका मंडळाला दिलं की बावीस मंडळं दारात येतात.

आता पैसा. इथंच सगळी मंडळं अडकतात. ठराव वगैरे ठीक आहे पण डीजेचे पैसे कोण देणार? खरं उत्तर असं की डीजे नको. मला माहितीय हे वाचून निम्मी पोरं इथंच थांबणार, पण हिशोब बघा. आमच्याकडं चौसष्ट घरं, घरटी ५०१ म्हणजे ३२,०६४. बावीस दुकानं, प्रत्येकी ११०० म्हणजे २४,२००. झाले ५६,२६४. यात मूर्ती, मांडव, लाईट, एक दिवसाचा महाप्रसाद आणि विसर्जनाला गावातलंच ढोल-ताशा पथक एवढं नीट बसतं, थोडी ओढाताण होते पण बसतं. आधी बजेट ठरवायचं आणि मग पैसा शोधायचा हा जो आपला रिवाज आहे त्यातच भाऊ शिरतो. वर्गणी किती जमेल ते आधी धरा, बजेट त्यात कापा.

भाऊ गल्लीत राहत असेल तर त्याच्याकडून वर्गणी घ्यायची का? घ्यायची, घ्यायलाच पाहिजे, तो शेजारी आहे. पण घर म्हणून, ५०१, पावतीवर घरातल्या कर्त्या माणसाचं नाव, हुद्दा नाही. एका नावावर जास्तीत जास्त किती घ्यायचे याची मर्यादा ठरावात लिहा, आम्ही २१०० लिहिलीय. मर्यादेला लोक वाट काढतात हेही सांगून ठेवतो: भाऊचे पैसे मेव्हण्याच्या नावावर, दुकानाच्या नावावर, "एक गणेशभक्त" ह्या नावावर येतात. गणेशभक्ताला नाव विचारा, नाव सांगत नसेल तर देवाच्या पेटीत टाका म्हणावं, पेटी सगळ्यांसमोर फोडतो आम्ही. वस्तूच्या रूपानंही येतात, "मांडववाल्याचं मी बघतो", "लाईटवाला आपलाच आहे". मांडववाल्याचं बिल मंडळाच्या नावावर आणि मंडळाच्या खात्यातूनच गेलं पाहिजे. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच लावा, अध्यक्षाच्या मोबाईलचा नको, आमच्याकडं एक वर्ष तसं झालं आणि भांडण कोजागिरीपर्यंत चाललं.

वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि नंतर हिशोब द्यायचा असतो, हे बऱ्याच मंडळांना फक्त ऐकून माहीत असतं. परवानगी काढाच. कटकट आहे मान्य, पण परवानगी असली की तुमच्याकडं भाऊसाठी दुसरं वाक्य तयार होतं, "हिशोब धर्मादायला दाखवायचाय भाऊ, एवढी मोठी एकरकमी दिसली की विचारतात."

भिंत म्हणजे कमान, फ्लेक्स, मांडवाचा पडदा, टी-शर्ट, आरतीची पुस्तिका, प्रसादाची पिशवी. हो, पिशवीसुद्धा, एकदा तीर्थप्रसाद कमळ-पंजा-घड्याळाच्या पिशवीत वाटला की ती पिशवी वर्षभर घराघरातल्या खुंटीवर राहते, फ्लेक्स तर दहा दिवसांत उतरतो. आमचा नियम सोपा आहे, मांडवात आणि मांडवापासून दिसेल तिथवर माणसाचा फोटो नाही. कुणाचाच नाही, अध्यक्षाचा पण नाही. हे पण महत्त्वाचं, कारण अध्यक्षाचा फोटो लागला की भाऊ म्हणतो मग माझा का नाही, आणि त्याचं बरोबर असतं. टिळकांचा, शिवाजी महाराजांचा, बाबासाहेबांचा चालतो, ते निवडणुकीला उभे राहणार नाहीयेत. दुकानाची जाहिरात चालते, पण दुकानदाराच्या फोटोशिवाय. देणगीदारांची नावं एकाच बोर्डावर, एकाच आकारात, अकारविल्ह्यानं. आधारस्तंभ, प्रेरणास्थान, मार्गदर्शक असे शब्द बाद. मंडळाचे आधारस्तंभ बांबूचे असतात आणि ते भाड्यानं आणलेले असतात.

रस्त्यावर फ्लेक्स लावायला नगरपरिषदेची परवानगी लागते, विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे. शेजारच्या खांबावर भाऊनं स्वतःहून "गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत" लावलं तर ते तुमच्या अखत्यारीत नाही, त्यावर भांडू नका, फक्त मंडळाचं नाव त्यावर असेल तर ते काढायला लेखी सांगा आणि प्रत ठेवा.

माइक. मला विचाराल तर सगळ्यात धोकादायक वस्तू हीच, कारण पैसा परत देता येतो, फ्लेक्स उतरवता येतो, माइकवरून गेलेलं परत येत नाही. माइक एकाच माणसाच्या ताब्यात द्या, आणि तो माणूस थोडा उद्धट निवडा, सज्जन नको. सज्जन माणूस "घ्या ना भाऊ, दोन शब्द" म्हणतोच, त्याच्या तोंडून ते आपसूक निघतं. माइकवरून काय बोलायचं ते ठरलेलं असावं: आरतीची वेळ, हरवलेलं पोर, सापडलेली चप्पल, महाप्रसाद, रक्तदान, उद्याचे कार्यक्रम. कुणी आलं म्हणून त्याचं नाव हुद्द्यासकट पुकारायचं नाही. "आपल्या लाडक्या" हे दोन शब्द ऐकू आले की स्पीकरची पिन काढायची.

आरतीच्या मानाचं आम्ही पंढरपूरवरून उचललं. तिथं महापूजेला मुख्यमंत्र्यांबरोबर रांगेतलं एक वारकरी जोडपं असतं, मानाचे वारकरी, दर्शनरांगेतून निवडलेलं. आम्ही म्हटलं आपण नुसतं तेवढंच अर्धं घेऊ, रांगेतलं. पहिल्या दिवशी सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकतो, वीस आरत्या, वीस घरं, सकाळ-संध्याकाळ. लहान पोर चिठ्ठी काढतं. २०२५ ला तिसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती आमच्याकडं पाणी सोडणाऱ्या माणसाच्या घरी निघाली आणि त्याच वेळी एक आजी आमदार दर्शनाला आले. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आमदार मागं उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, प्रसाद घेतला, गेले. म्हणजे मोठे लोक समजून घेतात, भावी लोकांनाच जास्त जड जातं.

सत्काराचंही लिहून ठेवा. नारळ-शाल हा आपल्याकडं प्रचाराचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे, दीडशे रुपयांत माणूस स्टेजवर येतो. सत्कार दहावीच्या पोरांचा, सफाई कामगारांचा, गेल्या वर्षी रक्तदान केलेल्यांचा. आणि सत्कार करणारा कोण? तर मंडळातली सगळ्यात म्हातारी बाई. पाहुण्याच्या "शुभहस्ते" म्हटलं की पुन्हा आलं सगळं.

मिरवणुकीत गाणी आधी ठरवा आणि यादी पथकाला द्या. घोषणांचं जरा अवघड आहे, कारण देवाच्याच नावाची घोषणा असते आणि द्यायची पद्धत अशी असते की समोरच्या मोहल्ल्याला किंवा समोरच्या उमेदवाराला लागावी. याला माझी एक साधी परीक्षा आहे: निवडणूक नसलेल्या वर्षी ही घोषणा, ह्याच चौकात, एवढ्याच जोरात दिली असती का? दिली असती तर द्या. आणि मशिदीसमोर मिरवणूक मुद्दाम थांबवायला सांगणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्या गल्लीचा नसतो, तो कुठून आला आणि कुणाच्या गाडीतून आला ते बघा, सगळं कळतं.

इथं कुणीतरी उठून म्हणतंच, काका, टिळकांनीच राजकारणासाठी गणपती रस्त्यावर आणला, तुम्ही कोण राजकारण काढणारे? प्रश्न चांगला आहे म्हणून टाळत नाही. १८९३ ला टिळकांनी पुण्यात जे उभं केलं ते राजकारणच होतं, मेळ्यांतून पदं म्हणायचे ती सरकारच्या विरोधातली असायची म्हणून सरकारचा डोळा असायचा त्यावर. पण तो गणपती कुणासाठी मत मागायला मांडलेला नव्हता. सत्तेला प्रश्न विचारणं वेगळं आणि सत्तेसाठी मत मागणं वेगळं. म्हणून देखाव्यात पाण्याचा प्रश्न दाखवा, रस्त्यातले खड्डे दाखवा, शेतकऱ्याच्या मालाचा भाव दाखवा, कुणाला टोचलं तर टोचू दे, फक्त शेवटी "म्हणून अमक्याला निवडून द्या" आलं की ते मंडळाचं राहिलं नाही. आणि देवळातले सगळेच प्रश्न "राजकारण" म्हणून बाहेर ढकलायचे असं केलं असतं तर १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह झाला त्याला काय म्हणणार होतो, किंवा १९४७ ला साने गुरुजी पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले त्याला? त्या वेळीही लोक म्हणालेच होते, देवाच्या दारात हे कशाला. तेव्हा मांडवात कुणाला चढू देता, मूर्तीला हात कोण लावतो, बायका आरतीला पुढं असतात का मागं, हे विषय बैठकीत येऊ द्या. उमेदवार येऊ देऊ नका.

कायदा थोडा माहीत असावा, वकील व्हायची गरज नाही. लोकांना फक्त आचारसंहिता माहीत असते, आणि आचारसंहितेत धार्मिक स्थळं प्रचाराला वापरायची नाहीत असं आहेच, पण तिचा उपयोग मर्यादित. एकतर ती निवडणूक जाहीर झाल्यावर लागते. २०१९ ला विधानसभेची आचारसंहिता नवरात्राच्या आधीच लागली होती, तर २०२४ ला दसरा १२ ऑक्टोबरला आणि घोषणा १५ ऑक्टोबरला, म्हणजे सगळे गरबे नि सगळ्या आरत्या आटोपल्यावर. २०२५ ला गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात आणि नगरपरिषदांचं मतदान डिसेंबरात. त्यामुळं गणपतीत आचारसंहिता आपल्याला वाचवेल ह्या भरवशावर राहू नका, तो काळ नेमका मोकळा असतो, आणि म्हणूनच तो त्यांचा हंगाम असतो.

त्यापेक्षा १९८८ चा केंद्राचा एक कायदा आहे, धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा, पंजाबातल्या तेव्हाच्या परिस्थितीमुळं आला, पण लागू सगळ्यांना आहे, देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च. सार्वजनिक पूजेसाठी वापरलेली जागा, नाव काहीही असो, त्यात येते. जागा राजकीय कामाला वापरू द्यायची नाही, संस्थेचा पैसा पक्षाला किंवा राजकीय कामाला वापरायचा नाही, आणि संस्थेनं भरवलेला उत्सव, मिरवणूक, मेळावा राजकीय कामाला वापरू द्यायचा नाही, असं त्यात स्वच्छ आहे. राजकीय कामाच्या व्याख्येत स्थानिक संस्थेच्या निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्याचा प्रचारही धरलाय. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आणि गंमत, म्हणजे गंमत नाही खरं तर, हा कायदा आधी पकडतो तो कारभार बघणाऱ्याला. भाऊच्या आधी तुम्हाला. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार. मीटिंगमध्ये हे एवढंच वाचून दाखवा, आमच्याकडं ठरावावर सह्या करायला जे तीन जण का-कू करत होते त्यांनी हे ऐकल्यावर पेन मागून घेतलं.

उमेदवारानं धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचार आहे, लोकसभा-विधानसभेला. हे कागदावरच राहतं असं कुणी म्हटलं तर विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक सांगा. रमेश प्रभू निवडून आले, प्रचारातल्या भाषणांवरून मुंबई हायकोर्टानं निवडणूक रद्द केली, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९९५ मध्ये ते कायम केलं आणि पुढं ती भाषणं करणाऱ्या बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण त्याच दिवशी, त्याच कोर्टानं मनोहर जोशींची दादरची निवडणूक वैध ठरवली. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल असं नुसतं म्हणणं म्हणजे धर्माच्या नावावर मत मागणं नव्हे, ती एक आशा झाली, असं म्हटलं. म्हणजे रेघ कुठं आहे बघा, धर्माबद्दल बोललास याला बंदी नाही, धर्म बघून मत दे याला आहे. मग २०१७ ला सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असं ठरवलं की धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा, दोन्ही आले. तो खटला सांताक्रूझच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीतून निघालेला. सत्तावीस वर्षं. म्हणून म्हणतो कोर्टाच्या आधी ठराव करा, ठरावाला एक संध्याकाळ लागते.

आचारसंहिता लागलेली असताना काही झालंच, तर फोटो किंवा व्हिडिओ जागेवरच काढा. लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे, २०१८ पासूनचं, त्यात ठिकाण आपोआप जातं आणि शंभर मिनिटांत कारवाईचं बंधन घालून घेतलंय त्यांनी. नाव न सांगताही तक्रार करता येते, गल्लीत राहायचंय म्हणणाऱ्यांसाठी हे बरं. नगरपरिषद, ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथं तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं लेखी द्यायची, पोच घ्यायची. पण आधी माणसाला फोन करा, एकदा तरी. "भाऊ, तुमच्या पोरांनी मांडवावर झेंडा लावलाय, तासाभरात काढा, नाहीतर मी काढतो आणि फोटो ग्रुपवर टाकतो." शंभरातल्या ९९ वेळा निघतो.

ग्रुपवरून आठवलं. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप गणपती ते निकाल "फक्त ॲडमिन" करून ठेवा. लोक चिडतात, दोन-चार जण बाहेर पडतात, दिवाळीला परत येतात.

सगळ्यात अवघड प्रसंग मुद्दाम मागं ठेवला, तो म्हणजे आपलाच कार्यकर्ता उभा राहतो तेव्हा. वीस वर्षं मांडव बांधलेला पोरगा, रात्री जागलेला, त्याला काय बाहेर काढायचं? नाही. पण इच्छुक म्हणून नाव फिरायला लागल्या दिवशी त्यानं पद सोडायचं, शिक्का, पावती पुस्तक, चेकबुक आणि कुलपाची किल्ली वहीत नोंद करून दुसऱ्याच्या हातात द्यायची. कार्यकर्ता म्हणून दोर ओढू दे, ढोल वाजवू दे, मोदक वाटू दे. आमच्याकडं २०२५ ला सेक्रेटरीच उभा राहिला, त्यानं किल्ली दिली तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी आलेलं मी बघितलंय, आणि त्याच रात्री त्याच्या भावानं मांडवासमोर फ्लेक्स लावायचा प्रयत्न केला तेव्हा तो स्वतःच उतरवायला धावला. नंतर निकालाचा गुलाल मांडवाच्या जागेवर उडवायचा का यावरही वाद झाला. नाही उडवला.

आता ठराव देतो, असाच उचला, नावं-आकडे तुमचे घाला:

"आज दिनांक अमुक रोजी झालेल्या सर्वसाधारण सभेत असे ठरले की, यंदाच्या उत्सवात कोणत्याही पक्षाचे वा उमेदवार-इच्छुकाचे नाव, फोटो, चिन्ह, झेंडा मांडवात, कमानीवर, कपड्यांवर वा छापील साहित्यावर असणार नाही. एका नावावर २१०० रुपयांपेक्षा जास्त वर्गणी घेतली जाणार नाही व खर्च फक्त मंडळाच्या खात्यातून होईल. आरतीचा मान चिठ्ठीने ठरेल. माइक फक्त नेमलेली व्यक्ती वापरेल. मंडळाचा पदाधिकारी निवडणुकीस इच्छुक असल्यास तो त्या दिवसापासून पदमुक्त समजला जाईल. दर्शनास सर्वांचे स्वागत आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका, त्याच्यामुळं भाऊ चिडत नाही. सूचक आणि अनुमोदक दोन वेगवेगळ्या बाजूंचे घ्या, म्हणजे एकाच पक्षाचा डाव होता असं कुणाला म्हणता येत नाही. हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि वहीच्या त्या पानाचा फोटो किमान तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आमची वही २०२५ ला बरोबर गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री हरवली होती, आणि विसर्जन झाल्यावर माळ्यावरच सापडली.